नगररचनेच्या नोकरीत पोरांनी यावं, पण पायी फिरायच्या तयारीने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालाचा सिझन आला की तुमच्या पेपरात करिअरच्या पुरवण्या येतात, मी त्या अथपासून इतिपर्यंत वाचतो, सवयच लागलीय. कलेक्टर, डीवायएसपी, डॉक्टर, कॉम्प्युटर, सीए, परदेशात शिक्षण, सगळं असतं. पण नगररचनाकार हा शब्द गेल्या कित्येक वर्षांत मला त्या पुरवण्यांमध्ये दिसलेला नाही. नगरपालिकेच्या नोकरीबद्दल काही आलंच तर जागा किती, वयाची अट काय आणि अर्जाची शेवटची तारीख एवढंच. आमच्या शेजारची मुलगी यंदा बारावी झाली, तिला म्हटलं अगं नगररचना बघ, तुझं गणित चांगलं आहे, तर म्हणाली, काका ते बिल्डरला परवानगी देणारं ऑफिस ना? ती काही वाईट भावनेने बोलली नाही, लोकांना आमचं खातं तेवढंच माहीत आहे, त्यात तिची काय चूक. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

मी १९८६ साली या खात्यात कनिष्ठ आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, म्हणून लागलो आणि ३३ वर्षांनी सहायक नगररचनाकार म्हणून रिटायर झालो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, ट्रेसिंग क्लॉथवर शाईच्या पेनाने रेघा मारायच्या, अमोनियाच्या मशीनवर प्रिंट काढायच्या, त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. पण खरं काम टेबलावर नव्हतंच. एखाद्या शहराचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, करायचा ठरला की आधी सर्वे असतो, आम्ही त्याला ईएलयू म्हणायचो, म्हणजे आज कुठल्या जागेवर काय आहे ते. सिटी सर्वेची शीट पाटीला क्लिपने लावायची आणि गल्लीबोळ पायी तुडवायचे, घर असेल तर पिवळा रंग, दुकान असेल तर निळा, कारखाना जांभळा, शाळा दवाखाना सरकारी ऑफिस लाल, बाग मैदान हिरवं. खाली दुकान वर घर असेल तर तसं लिहायचं. विहीर, नाला, देऊळ, स्मशान, वहिवाटीची वाट, सगळं. उन्हाळ्यात सकाळी सातला निघायचं, दुपारी कुठल्यातरी झाडाखाली शीट पसरून रंग भरायचे. एका माणसाला पूर्ण शहर माहीत होतं ते असं. कुठल्या वाड्यात पाणी येत नाही, कुठल्या शाळेची पोरं रस्त्यावर खेळतात, कुठला नाला पावसाळ्यात उलटा येतो, हे मला त्या शहरातल्या नगरसेवकापेक्षा जास्त माहीत असायचं आणि हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये, पायी फिरणाऱ्या कुणालाही ते कळलं असतं.

आणि जिथे मी पायी फिरलो नाही तिथे काय झालं तेही सांगतो, कारण नुसतं चांगलं चांगलं सांगून पोरांना बोलवायचं हे मला पटत नाही.

१९९४ ची गोष्ट. एका तालुक्याच्या गावाचा सर्वे चालू होता, गावाचं नाव नाही लिहीत. एक मोठा सर्वे नंबर होता, रस्त्याच्या बाजूने पत्र्याची उंच भिंत आणि कुलूप लावलेलं गेट. दुपारचे दोन वाजलेले, आदल्या दिवशीपासून अंगात ताप, वरून साहेबांची घाई की या आठवड्यात शीटा पूर्ण पाहिजेत. मी गेटच्या फटीतून बघितलं, गवत दिसलं, आणि शीटवर "मोकळी जागा" असं लिहून पुढे गेलो. मागच्या बाजूने ओढ्याकडून आत जायला वाट होती, तिकडून गेलो असतो तर दिसलं असतं की कोपऱ्यात सात घरं आहेत, मातीच्या भिंती, कौलं, दारात तुळस, लोक दोन पिढ्या राहतायत. ती वाट चालायला मला दहा मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. पुढे आराखडा करताना शेजारी शाळा आहे, शाळेला मैदान नाही, आणि लागूनच एवढी "मोकळी जागा" आहे म्हटल्यावर पूर्ण सर्वे नंबरवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं, म्हणजे ती जागा मैदानासाठी राखून ठेवली. नकाशावर बघितलं तर अगदी बरोबर दिसत होतं.

प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांच्या हरकती घेतात आणि त्यावर सुनावणी होते. त्या सुनावणीच्या दिवशी एक बाई आल्या, साठीच्या असतील. नगरपालिकेच्या सभागृहात नियोजन समिती समोर बसलेली, मी बाजूला शीटा घेऊन. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड, लाईटबिल, घरपट्टीच्या पावत्या, सगळं रबर लावून नीट ठेवलेलं. एकेक कागद टेबलावर ठेवत गेल्या आणि म्हणाल्या, साहेब, तुम्ही लिवलंय इथं कुणी राहत नाय, मग मी कोण? कुणी काही बोललं नाही. समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे शीट मागितली आणि शीटच्या खालच्या कोपऱ्यात सर्वे करणाराची सही असते, ती माझी होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं की चूक माझी आहे, मी आत गेलो नव्हतो. त्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या वाटेने गेलो, त्याच बाईंनी पाणी दिलं, आणि एकेका घराची टेपने मोजमापं घेतली.

घरांखालची जागा आरक्षणातून वगळली गेली, ते योग्यच झालं. पण गोष्ट तिथे संपत नाही. मैदान आकाराने लहान झालं, उरलेल्या जागेचा मालक वेगळा होता, आराखडा मंजूर व्हायला काही वर्षं गेली, आणि नगरपालिकेकडे भूसंपादनाला पैसे कधीच नव्हते. आपल्याकडे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा आहे, त्याच्या कलम १२७ मध्ये अशी तरतूद आहे की आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत, आता ती २४ महिने आहे तेव्हा त्याहून कमी होती, संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे न्यायाचं आहे, कुणाची जमीन अशी कायमची अडकवून ठेवता येत नाही. त्या मालकाने नोटीस दिली, मुदत टळली, आरक्षण गेलं. आज तिथे चार मजली इमारती आहेत आणि त्या शाळेची पोरं अजून डांबरी रस्त्यावर क्रिकेट खेळतात. रिटायर झाल्यावर मी मुद्दाम तिकडे जाऊन आलो. सात घरांपैकी पाच अजून आहेत.

मला हे सगळं एवढ्यासाठी सांगायचंय की या नोकरीत माणसाची एक पेन्सिलची रेघ वीस-पंचवीस वर्षं टिकते, आपली बदली झाली, रिटायर झालो, तरी ती तिथेच असते, कुणाच्या दारात, कुणाच्या सातबाऱ्यावर. आणि नुसती रेघ बरोबर मारूनही भागत नाही, ती जागा ताब्यात यायला पैसा, पाठपुरावा आणि इच्छा लागते. आपल्या सगळ्या आराखड्यांचं दुखणं हेच आहे, आरक्षणं कागदावर भरपूर आणि ताब्यात आलेल्या जागा थोड्या.

याला उपाय नाही असं नाही, आणि तो जुना आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, दादर माटुंग्याच्या आखीव वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. मग १९१५ ला मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला, देशातला पहिला. त्यात नगररचना योजना म्हणजे टीपी स्कीम अशी युक्ती आहे की सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते मैदानं शाळांसाठी प्रत्येकाकडून थोडा हिस्सा काढायचा आणि उरलेली जमीन नीट आकाराचे अंतिम भूखंड करून ज्याची त्याला परत द्यायची. एकाच माणसाची पूर्ण जमीन जात नाही, रस्ता कडेने येतो म्हणून उरलेल्या जमिनीचा भाव वाढतो, आणि नगरपालिकेला तिजोरी रिकामी करावी लागत नाही. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याच्या पत्त्यांत अजून टीपीएस लिहिलेलं दिसतं ते हेच. गुजरातने ही पद्धत धरून ठेवली, अहमदाबादचा केवढा तरी भाग असा वसलाय, आणि आपण जिथे ती सुरू झाली तिथे मधली कित्येक वर्षं बाजूला टाकली होती, आता परत हातात घेतोय हे चांगलं आहे. पण टीपी स्कीम करायला एकेका मालकाबरोबर बसावं लागतं, महिनोन् महिने, चहा पिऊन भांडणं ऐकून घ्यावी लागतात, त्याला माणसं पाहिजेत. माणसं कुठे आहेत?

नीती आयोगाने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये शहर नियोजनाच्या क्षमतेवर एक अहवाल काढला होता. त्यात असं आहे की देशात राज्यांच्या नगररचना खात्यांना मिळून १२,००० वर नगररचनाकार लागतील, आणि मंजूर जागा ४,००० च्या आत, त्यातल्याही जवळपास निम्म्या रिकाम्या. आणि जी साडेसात हजारांच्या वर शहरं-नागरी वस्त्या आहेत त्यातल्या ६५ टक्क्यांना कसलाच मास्टर प्लॅन नाही. हा आकडा वाचून मला झोप लागली नव्हती. एकीकडे पोरं एकेका पोस्टसाठी पाच पाच सात सात वर्षं अभ्यासिकेत काढतायत, आणि दुसरीकडे आख्खी शहरं आराखड्याविना वाढतायत. सरकारने मंजूर जागा वाढवायला पाहिजेत आणि ज्या आहेत त्या वेळेत भरायला पाहिजेत, कंत्राटी सल्लागार नेमून हे होत नाही. सल्लागार उपग्रहाचं चित्र लावून सुंदर नकाशा करून देतो आणि बिल घेऊन जातो, हरकतीची सुनावणी लागते तेव्हा समोरच्या बाईला उत्तर द्यायला तो नसतो. मी ड्रोनच्या, जीआयएसच्या म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या विरोधात नाही, उलट आमच्या वेळी असतं तर किती बरं झालं असतं असं वाटतं, पण वरून पत्रा दिसतो, पत्र्याखाली कोण राहतं ते वरून दिसत नाही.

मुंबईचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१५ ला जो प्रारूप आराखडा आला त्यात इतक्या चुका निघाल्या, कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता, कुठे वारसा वास्तूंची नोंदच नाही, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला लावला, आणि शेवटी २०३४ पर्यंतचा आराखडा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. तीन वर्षं गेली. पण त्यात एक चांगलं झालं, सामान्य माणसं, वस्तीतल्या बायका, विद्यार्थी, सगळे आपापल्या वॉर्डाचा नकाशा उलगडून बघायला लागले. असं प्रत्येक गावात व्हायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी हरकतीला ३० दिवस मिळतात आणि लोकांना तिसाव्या दिवसानंतर कळतं.

आता नदीचं. प्रत्येक मोठ्या नदीला पाटबंधारे खातं दोन रेषा आखून देतं, निळी आणि लाल. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. निळ्याच्या आत बांधकाम नको, निळ्या लालच्या मधे अटी घालून. या रेषा नकाशावर जशाच्या तशा उतरवणं हे एका साध्या आरेखकाचं काम आहे, आणि त्या "जरा" सरकवा म्हणून जो दबाव येतो तो मी अंगावर घेतलाय. फोन येतात, घरी माणसं येतात, बदली होते. माझ्या दोन बदल्या अशाच झाल्या, मुलीची शाळा दोनदा बदलली, बायकोने कधी बोलून दाखवलं नाही पण मला ते कळत होतं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी लोकांच्या घरात आली. २०१९ आणि २०२१ ला सांगली कोल्हापूरने तेच बघितलं. पाणी दरवेळी ती रेषा शोधत बरोबर येतं. जे पोरगं या नोकरीत येईल त्याने हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं की ती रेषा सरकवायला नाही म्हणणं हेच त्याचं रोजचं काम आहे, आणि त्याचं कौतुक कुणी करणार नाही कारण जे घर तिथे झालंच नाही ते बुडताना कुणाला दिसणार नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल मग यायचंच कशाला. मी सांगतो. कलेक्टर जिल्ह्यात दोन तीन वर्षं असतो, आमदार पाच वर्षं. नगरपालिकेची सेवा ही माणसाच्या उंबऱ्यापर्यंत जाणारी सेवा आहे, पाणी, गटार, रस्ता, जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, गोपाळ कृष्ण गोखले त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष होते, एवढ्या मोठ्या माणसांना गटारं आणि पाण्याचा हिशोब करणं कमीपणाचं वाटलं नाही. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ ला भारतात आले, गावोगाव पायी हिंडले, जुनी वस्ती पाडून टाकू नका, आधी बघा, मोजा, मग जिथे गरज आहे तेवढंच कापा असं सांगत राहिले, आणि १९१९ ला मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र हा विभाग त्यांनी सुरू केला. आपल्या मातीत ही परंपरा आहे. १९६५ ला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट आणि शिरीष पटेल हे इंजिनिअर, या तिघांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवीन शहर वसवा अशी कल्पना मांडली, १९७० ला ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आज नवी मुंबईत लाखो लोक राहतात. ते शहर आधी कुणाच्या तरी डोक्यात आणि मग कागदावर होतं.

रस्ता कसा आहे तेही लिहितो, पुरवणीत नसतं म्हणून. बारावीला गणित असेल तर जेईई मेनचा जो २बी पेपर आहे तो प्लॅनिंगच्या पदवीसाठी असतो, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत, दिल्ली भोपाळ विजयवाड्याच्या एसपीएत म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा कोर्स आहे. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर केलेल्यांना पुढे दोन वर्षांचं एम.प्लॅन, म्हणजे प्लॅनिंगची पदव्युत्तर पदवी, करता येतं. राज्याच्या खात्यात रचना सहायक, मग एमपीएससीतून सहायक नगररचनाकार, नगररचनाकार. ज्याला पूर्ण गावाचा कारभार बघायचाय त्याच्यासाठी राज्यसेवेतून नगरपरिषदेचा मुख्याधिकारी. मुख्याधिकारी हे पद पोरं पसंतीक्रमात फार खाली टाकतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, सव्विसाव्या सत्ताविसाव्या वर्षी एका आख्ख्या गावाचं बजेट तुमच्या हातात असतं.

तरी एक सांगतो, १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी जी १८ कामं दिलीयत त्यात पहिलंच नगर नियोजन आहे, पण लहान नगरपरिषदांमध्ये अजून एकच नगररचनाकार, तोही कधीकधी दोन तीन गावांचा चार्ज घेऊन, आणि त्याचा सगळा दिवस बांधकाम परवानगीच्या फाईलीत जातो. नियोजन करायला त्याला वेळच नाही. शेजारच्या मुलीला आमचं खातं म्हणजे बिल्डरचं ऑफिस वाटलं ते यामुळेच. परवानग्या आणि नियोजन ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडे द्या ही माझी मागणी मी नोकरीत असतानाही लेखी केली होती, आताही करतो.

तुम्हाला विनंती दोन. पुढच्या करिअर पुरवणीत एक पान या सेवेला द्या, सध्या काम करणाऱ्या एखाद्या रचना सहायकाला लिहायला सांगा, माझ्यासारख्या रिटायर माणसाला नको. आणि ज्या गावाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल त्या गावाच्या आवृत्तीत तो नकाशा मोठा छापा, हरकतीची शेवटची तारीख वर ठळक घालून.

त्या शेजारच्या मुलीला मी गेल्या रविवारी आमच्या भागाच्या डीपीची प्रिंट आणि टेप घेऊन बाहेर काढलं. नकाशात बारा मीटरचा रस्ता आहे, तिने टेप धरून मोजला, एका ठिकाणी सात मीटर ऐंशी भरला. मग नाला शोधत गेलो, नकाशात निळी रेघ आहे तिथे आता पार्किंग आहे, फरशी घातलेली, आणि फरशीला कान लावल्यावर खालून पाणी वाहताना ऐकू येतं. ती बराच वेळ तिथेच उकिडवी बसून राहिली. मग उठली आणि प्रिंटवर पेन्सिलने, त्या निळ्या रेघेच्या बाजूला, बारीक अक्षरात लिहिलं, "नाला आहे. खाली आहे." आणि तारीख घातली.

आपला,
एक निवृत्त सहायक नगररचनाकार